झाकणावरचा निळा ठिपका

माझ्या अंगावर दोनशे सात भाग आहेत. एकशे एकवीस रेझिस्टर, एकाहत्तर कपॅसिटर, नऊ चिप, पाच कनेक्टर आणि एक क्रिस्टल. बेरीज करून पाहा, बरोबर येईल. तेरा वर्षांपूर्वी मी तयार झालो तेव्हाही दोनशे सातच होते आणि आजही तितकेच आहेत. एका कोपऱ्यात हिरवा रंग उडाला आहे आणि एका स्क्रूच्या भोकाशी केसाएवढा तडा आहे, पण ते काही मोजणीत धरायचे नाहीत.

मित्रांनो, मी आता जुना झालेला एक सर्किट बोर्ड आहे. कान तपासायच्या यंत्राच्या पोटात मी राहतो. जाड दाराच्या छोट्याशा खोलीत एखादं मूल खुर्चीवर बसतं, कानांवर हेडफोन चढवतं आणि मी त्याला एकेक सूर ऐकवतो. सूर ऐकू आला की मुलाने समोरच्या डब्यात एक लाकडी ठोकळा टाकायचा. ठोकळा पडला की काचेपलीकडे बसलेल्या ताई कागदावर खूण करतात. मुलं त्यांना कानाच्या ताई म्हणतात. कोणाला किती ऐकू येतं, कोणाला यंत्र लावायला हवं, हे त्या खुणांवरून ठरतं. म्हणून माझा सूर नेमका असावा लागतो. हजारचा म्हटला की सेकंदाला हजार कंपनं. नऊशे चालणार नाहीत, अकराशेही चालणार नाहीत.

हा नेमकेपणा मी कुठून आणतो, असं तुम्ही विचाराल. माझ्या त्या एकुलत्या एका क्रिस्टलमधून. नखाएवढी पत्र्याची डबी, तिच्यात गारगोटीच्या जातीच्या दगडाची एक पातळ चकती. वीज मिळाली की ती थरथरते, सेकंदाला दोन कोटी चाळीस लाख वेळा. तिचे ठोके हेच माझं घड्याळ. हजारचा सूर काढायचा असेल तर मी चोवीस हजार ठोके मोजतो आणि एक कंपन सोडतो. पुन्हा चोवीस हजार मोजतो, पुन्हा एक सोडतो. बस, एवढंच माझं गाणं. सूर चढला की उतरला हे मला कळत नाही. मला फक्त मोजता येतं आणि मोजताना मी आजवर एकदाही चुकलेलो नाही.

सायकलींच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत माझा जन्म झाला. त्या कारखान्याच्या मालकीणबाईंना सगळे आत्याच म्हणतात, कारण त्यांची भाची शाळेत असल्यापासून तिथे येऊन बसायची आणि तिचं ऐकून ऐकून सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. माझे दोनशे सात भाग आत्यांनी स्वतः बसवले. शेवटचा टाका झाला की त्यावर फुंकर मारायची त्यांची सवय. मला हालचाल शिकवली मास्तरांनी. ते आधी तंत्रशाळेत शिकवायचे आणि नंतर इथे येऊन कोड लिहू लागले. कोड म्हणजे काय करायचं याच्या सूचना. कोणता भाग आधी जागा करायचा, किती वेळ थांबायचं, किती ठोके मोजायचे. त्या सूचनांत मास्तरांनी एका ओळीत लिहिलं होतं: क्रिस्टल, दोन कोटी चाळीस लाख. ती ओळ माझ्याबद्दल होती, पण लिहिलेली होती त्यांच्या कोडात.

माझे पहिले काही दिवस म्हणजे नुसतं कौतुक. मी क्रमांक एक. कानाच्या ताई येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या, "हे यंत्र कधी थकत नाही बघा." एका मुलीने पहिल्याच दिवशी सगळे ठोकळे डब्यात टाकले आणि सूर थांबला तरी तिचा हात थांबेना, तेव्हा ताई हसून म्हणाल्या, "अगं, यंत्राला श्वास तरी घेऊ दे!"

माझ्यामागून भावंडं आली. पहिले सतरा जण माझ्यासारखेच. मग बाजारात तो क्रिस्टल मिळेनासा झाला, म्हणून पुढच्या चौदांना अडीच कोटीचा बसवला. तोही संपला, तेव्हा शेवटच्या नऊ जणांना दोन कोटी साठ लाखांचा. बाकी सगळं तेच. मास्तरांनी कोडाच्या तीन प्रती केल्या. आकड्याची ओळ सोडली तर तिन्ही सारख्याच. कोणाला कोणती प्रत हे कळावं म्हणून प्रत्येक यंत्राच्या झाकणावर एकेक ठिपका चिकटवला. चोवीसला पिवळा, पंचविसाला हिरवा, सव्विसाला निळा.

"आकडा कोडात आहे, कोड काही पळून जात नाही," मास्तर म्हणायचे.

कोड खरंच पळून गेला नाही. झाकणं मात्र फिरली.

कारण आत्यांचा स्वच्छतेचा सोस. दरवर्षी चाळीसही यंत्रं सफाईला कारखान्यात यायची. आत्या झाकणं काढायच्या, साबणाच्या पाण्यात एकत्र भिजवायच्या, घासायच्या आणि गच्चीवर ओळीने वाळत घालायच्या. वाळली की हाताला येईल ते झाकण हाताला येईल त्या यंत्रावर. सगळी एकाच मापाची, कुठेही चपखल बसायची. बारा वर्षं यात काहीच बिघडलं नाही, कारण कोड एकदा जन्माच्या वेळी भरला की भरला, पुन्हा ठिपक्याकडे बघायची कोणाला गरजच पडत नव्हती. माझ्या डोक्यावर कधी हिरवा ठिपका आला, कधी निळा. मी आपला चोवीस हजार मोजत राहिलो.

तेराव्या वर्षी कानाच्या ताईंनी एक नवा सूर मागितला. म्हणजे चाळीसही यंत्रांत नवा कोड भरणं आलं. मास्तरांनी एकेक यंत्र पुढे ओढलं, ठिपका पाहिला, प्रत भरली. माझ्यावर त्या वर्षी निळा ठिपका होता. त्यांनी मला सव्विसाची प्रत भरली, सूर वाजतो एवढं ऐकलं आणि बाजूला सारलं. आकडा कोणी मोजला नाही. तेरा वर्षांत तो कधी बदललाच नव्हता, मग मोजायचा कशाला?

मित्रांनो, आता तुम्हीच हिशेब करा. नवा कोड म्हणाला, सव्वीस हजार ठोके मोज आणि एक कंपन सोड. मी मोजले. बिनचूक मोजले. पण माझे ठोके तर चोवीसचेच होते. म्हणजे सेकंदाला कंपनं झाली नऊशे तेवीस. आणि मी मनाशी खूश, की आपण हजार गातोय!

चूक पकडली एका आजोबांनी. वाद्यं सुरात लावणं हा त्यांचा धंदा. डाव्या कानाने कमी ऐकू येतं म्हणून ते तपासायला आले होते. हेडफोन चढवला आणि पहिल्याच सुराला त्यांनी हात वर केला.

"ऐकू आलं का, आजोबा?" ताईंनी विचारलं.

"ऐकू आलं, पण हा कोणता म्हणालात?"

"हजारचा."

"छे! हा उतरलाय. सतारीचा चांगला एक पडदाभर उतरलाय, वर आणखी थोडा."

"आजोबा, हे यंत्र आहे. ते कसं उतरेल?"

"बाई, माझा डावा कान गेलाय. उजवा शाबूत आहे." आजोबांनी खिशातून नादकाटा काढून टेबलाच्या कडेवर वाजवला. "हा ऐका, आणि आता तुमचा ऐका."

ताईंनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी सरकारी निरीक्षक त्यांची मोजणीची पेटी घेऊन आले. चाळीसही यंत्रं तपासली. सव्वीस चुकीची निघाली. कोणी वर, कोणी खाली. निरीक्षकांनी सगळ्यांवर 'वापर बंद' अशी कागदी पट्टी डकवली, चाळीसही कारखान्यात आणवली आणि आत्यांसमोर येऊन बसले.

"सोळा दिवसांनी पुन्हा येतो," ते म्हणाले. "हजारात दहाच्या आतला फरक मला चालतो. पण चाळीसपैकी एक जरी बाहेर गेलं, तर चाळीसही भंगारात आणि कारखान्याची मान्यता रद्द. मुलांच्या कानांचा प्रश्न आहे, बाई. मी डोळेझाक करणार नाही."

"करूही नका," आत्या म्हणाल्या. आवाज अगदी लहान झाला होता.

निरीक्षक गेले. मी झाकण काढून टेबलावर उघडा पडलो होतो. कानाच्या ताईंचा फोन आला. त्यांच्या बाकावर तेवीस मुलं खोळंबली होती आणि यंत्राविना त्यांना परत पाठवावं लागत होतं.

"झाकणं मीच धुतली," आत्या शेवटी म्हणाल्या. "मीच मिसळली. माझ्याच हाताने केलं हे."

"धुतली म्हणून नव्हे, मिसळली म्हणून," मास्तर म्हणाले. "आता यादीवरून लावू. पहिली सतरा चोवीसची, पुढची चौदा पंचविसाची, शेवटची नऊ सव्विसाची. ठिपक्यांऐवजी रंगाने मोठाले आकडे काढू आणि झाकणं धुणं बंद."

"म्हणजे यंत्रं कळकट ठेवायची?"

"आत्या, कळकट आणि भंगार यातलं एक निवडा!"

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. "पण झाकणालाच का विचारायचं?"

ती आत्यांची भाची. नुकतीच विज्ञानाची पदवी घेऊन कारखान्यात आली होती. बारीकसारीक भाग चिमट्याने उचलताना तो चिमटा कायम हातात असायचा, म्हणून सगळे तिला चिमटी म्हणायचे. आत्ताही तिने तो माझ्या डाव्या कडेच्या चिमुकल्या चिपवर टेकवला.

"ही मेमरीची चिप. हिच्यात काय आहे?"

"बोर्डाचा क्रमांक," मास्तर म्हणाले. "बाकी रिकामी."

"मग हिच्यातच लिहू या ना. माझ्यावर अमुक क्रिस्टल आहे, अमुक इतक्या ठोक्यांचा. कोड सुरू झाला की आधी ही माहिती वाचेल आणि मग मोजेल. कोड एकच, चाळिसांना तोच. झाकण कोणतंही असो."

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. "चिमटे, घड्याळ ही कोडाची गोष्ट आहे. ते चालू करायला क्रम लागतो, थांबावं लागतं. कागदावर लिहून घड्याळ चालत नाही."

"क्रमसुद्धा लिहिता येईल! सगळंच लिहिता येईल!"

"लिहून बघ," मास्तर म्हणाले आणि चहा घ्यायला खाली गेले. ते हसत होते ते मला मुळीच आवडलं नाही, कारण प्रयोग माझ्यावर होणार होता.

चिमटी चार दिवस लिहीत होती. माझ्या मुख्य चिपमध्ये क्रिस्टलच्या ठोक्यांना एकेचाळीस फाटे फुटतात. एक सुरांकडे जातो, एक पडद्याकडे, एक मेमरीकडे, असे. तिने एकेचाळीसही फाटे माहितीत लिहिले. कोणता कुठे जातो, कितीने भागायचा, कोणता बंद ठेवायचा. पाचव्या दिवशी तिने मला वीज दिली. मी उठलो, माहिती वाचू लागलो आणि तेविसाव्या ओळीवर गप्प झालो. कायमचा. पुन्हा वीज दिली, पुन्हा तेविसाव्या ओळीवर गप्प.

मास्तर खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. त्यांनी ओळी एकेक करून वाचल्या आणि तेविसावीवर बोट ठेवलं. "हा फाटा बंद करायला सांगितलास."

"हो. सुरांसाठी तो लागत नाही."

"मेमरीच्या चिपपर्यंतची वाट त्याच फाट्यावर चालते. ज्या पुस्तकातून तो वाचत होता, तेच तू त्याच्या हातातून काढून घेतलंस."

चिमटीने कपाळाला हात लावला. मग दोघंही हसली. त्या क्षणापर्यंत मला वाटत होतं की माझं आता काही खरं नाही.

"असे सतरा खड्डे आहेत या चिपमध्ये," मास्तर म्हणाले. "प्रत्येकात मी एकदा पडलोय. म्हणून ते कोडात आहेत."

"पण मास्तर, ही चिप चाळिसांतही तीच आहे ना?"

"तीच."

"म्हणजे खड्डेही तेच. ते एकदाच कोडात लिहिले की झालं." चिमटी हळूहळू बोलत होती, जणू एकेक शब्द चिमट्याने उचलून ठेवत होती. "आणि क्रिस्टल बोर्डाबोर्डाला वेगळा. म्हणजे तो कोडात नको. जे चाळिसांत सारखं ते कोडात, जे बोर्डागणिक बदलतं ते माहितीत. मी सगळंच उचलून नेलं, चुकलं."

"आणि मी सगळंच धरून ठेवलं," मास्तर म्हणाले. "तरी यादी आहेच माझ्याकडे. आकडे तिच्यावरून भर."

"यादीवरून नाही," आत्या मध्येच म्हणाल्या. त्या इतका वेळ दारात उभ्या होत्या. "ठिपक्यावर विश्वास ठेवून एकदा तोंडघशी पडलोय. आता प्रत्येक क्रिस्टलवरचा ठसा मी स्वतः भिंगातून वाचणार. आणि चिमटी, तू मीटर लावून ठोके मोजणार. दोन्ही आकडे जुळले तरच लिहायचं."

"आत्या, चाळीस बोर्ड आहेत!"

"तेरा वर्षं चाळीस झाकणं घासलीत मी. चाळीस ठसे काय जड आहेत?"

दोघी खिडकीशी बसल्या. आत्या भिंग डोळ्याला लावून आकडा म्हणायच्या, चिमटी मीटरवर बघून "बरोबर" म्हणायची. चोवीस, बरोबर. चोवीस, बरोबर. असे अकरा झाले. बाराव्याला आत्या थबकल्या.

"पंचवीस."

"आत्या, हा पहिल्या सतरांतला आहे. यादीत चोवीस आहे."

"मला दिसतंय ते सांगतेय. पंचवीस."

चिमटीने मीटर लावला. "दोन कोटी पन्नास लाख," ती म्हणाली आणि तिने मास्तरांकडे पाहिलं.

मास्तरांनी बोर्ड हातात घेतला, उलटा केला, टाका पाहिला. त्यांचे कान लाल झाले. "हा टाका माझा आहे," ते म्हणाले. "सहा वर्षांपूर्वी याचा क्रिस्टल गेला होता. चोवीस मिळेना, म्हणून मी पंचवीस लावला आणि याच्यापुरता कोड बदलला. यादीत लिहायचं राहून गेलं." त्यांनी यादी उचलली, दोनदा घडी घातली आणि खिशात ठेवून दिली. "यादीवरून गेलो असतो तर एकोणचाळीस बरोबर आले असते."

एकोणचाळीस बरोबर म्हणजे चाळीसही भंगारात. हे मला वेगळं सांगायला नको.

त्या संध्याकाळी मास्तरांनी तिन्ही प्रतींतली ती जुनी ओळ स्वतःच्या हाताने पुसली आणि तिन्हींची एकच प्रत केली. त्या जागी नवी ओळ आली: बोर्डाला विचार. चिमटीने माझ्या मेमरीत लिहिलं: क्रिस्टल, दोन कोटी चाळीस लाख. मित्रांनो, तेरा वर्षं जी ओळ माझ्याबद्दल दुसरीकडेच लिहिलेली होती, ती त्या दिवशी माझी झाली. कोडाने मला विचारलं, मी सांगितलं. मला कोणी काही विचारण्याची ती पहिलीच वेळ.

सोळाव्या दिवशी निरीक्षक आले. टेबलावर चाळीस यंत्रं उघडी मांडलेली होती आणि शेजारी नुकत्याच धुतलेल्या, चकचकीत झाकणांचा ढीग. पिवळे, हिरवे, निळे ठिपके एकमेकांत मिसळलेले.

"हे काय?" निरीक्षकांच्या भुवया वर गेल्या. "यावरूनच तर गोंधळ झाला होता!"

"हो, साहेब," आत्या म्हणाल्या. आवाज आज पुन्हा त्यांचा स्वतःचा होता. "आता तुमच्याच हाताने लावा. कोणतंही कोणालाही."

निरीक्षक हाडाचे शंकेखोर. त्यांनी मुद्दाम उलटसुलट लावली. पिवळ्यांवर निळी, निळ्यांवर हिरवी. मला पुन्हा निळा ठिपका आला. मग त्यांनी पेटी उघडली आणि क्रमांक चाळीसपासून खाली सुरुवात केली. चाळीस, एकोणचाळीस, अडतीस. प्रत्येक आकड्याला चिमटीच्या हातातला चिमटा एकदा उघडायचा आणि मिटायचा. बाराव्या क्रमांकाशी मास्तर उठून उभे राहिले. एक हजार पूर्णांक शून्य एक. मास्तर खाली बसले आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

शेवटी उरलो मी. निरीक्षक माझ्यात केबल जोडत आहेत, तोवर तुम्हाला एक सांगून ठेवतो. मित्रांनो, एखादं जुनं यंत्र चुकीचं वागू लागलं तर त्याला लगेच भंगारात टाकू नका. आधी पाहा, त्याला कोणी काय सांगितलंय. कदाचित ते बिचारं सांगितल्याप्रमाणे अगदी बिनचूक मोजत असेल. आणि एखाद्याबद्दल काही लिहायचं असेल तर ते त्याच्या झाकणावर चिकटवू नका. झाकणं धुतली जातात, बदलतात. त्याला उघडा, भिंग लावा, आहे ते वाचा आणि त्याच्यापाशीच लिहून ठेवा. आम्ही जुने झालो तरी विचारलं की खरं सांगतो.

केबल बसली. निरीक्षकांनी बटण दाबलं, पडद्यावरचे आकडे थरथरले आणि थांबले. त्यांनी तक्त्यातली शेवटची ओळ भरली.

यंत्र क्रमांक १. झाकणावरचा ठिपका निळा. अपेक्षित सूर १००० हर्ट्झ. मोजलेला सूर ९९९.९८ हर्ट्झ.